चौथ्या वक्त्याची पंधरा मिनिटं

पावणेनऊला मी खोलीत शिरले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ पावणेआठ दाखवत होतं. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकवतात. एप्रिल उजाडला तरी या घड्याळाला कुणी हात लावला नव्हता. मी खुर्चीवर चढून काटे फिरवले. सत्राध्यक्ष म्हणून माझं त्या दिवशीचं पहिलं काम ते.

दक्षिण आशियाच्या अभ्यासकांची परिषद होती, उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात. आमचं सत्र नऊ ते साडेदहा. चार निबंध, प्रत्येकी पंधरा मिनिटं, आणि उरलेला अर्धा तास प्रश्नांना. कागदावर हे गणित फार सोपं दिसतं. पण पहिल्या वक्त्याने तीन मिनिटं जास्त घेतली, दुसऱ्याने चार आणि तिसऱ्याची पेनड्राइव्ह उघडेना, की सगळी तूट चौथ्याच्या माथी येते. आणि चौथा वक्ता बहुतेक वेळा सगळ्यांत तरुण असतो. नुकता पीएच.डी.ला लागलेला, भाड्याचे पैसे जमवून आलेला.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच चुकीतून कळलं. पहिल्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा एक ज्येष्ठ प्राध्यापक छान बोलत होते, सभा रंगली होती, आणि त्यांना थांबवायला माझी जीभ उचलेना. मोठ्या माणसाला मध्येच तोडू नये, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. शेवटच्या मुलीच्या वाट्याला सात मिनिटं आली. तिने उभ्या उभ्या अर्धी पानं उलटी करून टेबलावर ठेवली आणि उरलेली भराभर वाचली. नंतर मी माफी मागितली, तर ती म्हणाली, काही हरकत नाही. तिचा निबंध काय होता, हे त्या खोलीतल्या कुणालाही नीट कळलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी चिठ्ठ्या घेऊन जाते. जाड पुठ्ठ्याचे तीन तुकडे, काळ्या शाईत ठळक: ५, १ आणि ‘थांबा’. पहिल्या रांगेत, वक्त्याच्या थेट नजरेच्या टप्प्यात बसते. चिठ्ठी वर धरली की वक्त्याने मान हलवेपर्यंत हात खाली घेत नाही. आणि आदल्या दिवशीच चौघांनाही एकच मजकूर पाठवते: पंधरा मिनिटं झाली की मी उभी राहीन. एकदा सगळ्यांना सारखं सांगून ठेवलं, की उभं राहण्यात कुणाचा अपमान होत नाही.

आपल्याकडच्या चर्चासत्रांत अध्यक्षपद हा मान असतो. शाल, श्रीफळ, शेवटी अध्यक्षीय समारोप; लोक त्यासाठी थांबतात, आणि कितीदा तो समारोपच सत्रातला सगळ्यांत विचार करायला लावणारा भाग असतो. मी पुण्यात अशी भाषणं ऐकत वाढले, त्यांचं माझ्यावर ऋण आहे. ब्रिटनमध्ये मात्र अध्यक्षाने स्वतःचं मत मांडावं अशी अपेक्षा नसते. निबंधांवर बोलायला कधीकधी वेगळा भाष्यकार नेमलेला असतो. अध्यक्षाने वेळ राखायची, नावं नीट उच्चारायची आणि प्रश्न वाटून द्यायचे.

नावं नीट उच्चारणं हे मला फार मोलाचं वाटतं. मी प्रत्येकाला आधी विचारते, तुमचं नाव तुम्ही स्वतः कसं म्हणता? ‘काळे’ आडनावाच्या माणसाला इथे वर्षानुवर्षं ‘काले’ म्हणतात आणि तो बिचारा सवयीने हो म्हणतो. त्या सत्रातही ‘ळ’ असलेलं एक आडनाव होतं. मी ते माईकवर जसंच्या तसं म्हटलं, तेव्हा पडद्यावरचा चेहरा क्षणभर उजळला.

पडद्यावरचा, कारण हा वक्ता येऊ शकला नव्हता. पुणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणारा गृहस्थ, विषय मोडी लिपीतले महसुली कागद. सत्र बांधण्याचं काम सात महिने आधी सुरू झालं होतं. आलेले गोषवारे मी जेवणाच्या टेबलावर पसरले होते, दोन दिवस ते हलवत होते. कुठला कुणाशेजारी बसला तर दोघांनाही बोलायला काही मिळेल, एवढाच प्रश्न मनात. मोडीचे कागद आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या उचलीचे हिशेब शेजारी ठेवले, तेव्हा सत्राला आकार आला. दोन्हीकडे कर्ज कुणी लिहून ठेवलं हाच मुद्दा होता. मग स्वीकृतीची पत्रं, मग व्हिसासाठी निमंत्रणपत्र. ते मी दोनदा लिहिलं, तारखांसह, खर्च कोण करणार यासह. तरी त्यांचा व्हिसा वेळेत हाती पडला नाही. तेव्हा ठरलं की ते घरूनच बोलतील. इथले नऊ म्हणजे तिथले दीड. जेवण उरकून बसतो, म्हणाले.

न आलेल्याचा निबंध ही जुनी गोष्ट आहे. १८७४च्या सप्टेंबरात लंडनला प्राच्यविद्या अभ्यासकांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या आर्य विभागाचे अध्यक्ष होते मॅक्स म्युलर. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना बोलावणं होतं, पण त्यांना जाता आलं नाही. त्यांनी नाशिकच्या लेण्यांमधल्या शिलालेखांवरचा निबंध पाठवला. माणूस मुंबई इलाख्यात राहिला आणि त्याचे कागद समुद्र ओलांडून गेले. परदेशी परिषदेला स्वतः जाण्याचा योग त्यांना पुढे १८८६ साली आला, व्हिएन्नाला. मी या गोष्टीकडे अध्यक्षाच्या बाजूने बघते. ते कागद नीट मार्गी लागले, परिषदेच्या वृत्तांतात छापले गेले, यामागे कुणीतरी लक्ष घातलेलं असणार.

म्हणून मी पुण्याच्या गृहस्थांकडून पूर्ण निबंध आधीच मागवून छापून ठेवला होता. सहाव्या मिनिटाला आवाज तुटायला लागला, आठव्याला पडदा गोठला. तंत्रज्ञ मुलगा धावत आला. मी घड्याळ थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर पुढच्याचा वेळ गेला असता. पानावर बोट ठेवून ते जिथे तुटले होते तिथपासून वाचायला लागले. इंग्रजी निबंध, पण मधल्या उताऱ्यात ‘कुळ’, ‘खंड’, ‘बेरीज’ हे शब्द होते, ते मराठीतच वाचले. पाच मिनिटांनी ते परत आले आणि त्यांनी हाताने खूण केली, वाचत राहा. शेवटचा परिच्छेद मात्र मी त्यांना दिला.

चौथा निबंध ऊसतोडणीवालीचा. तिला पूर्ण पंधरा मिनिटं मिळाली. ‘१’ची चिठ्ठी पाहून ती एका वाक्यावर थांबली, दोन ओळी गाळल्या आणि बरोबर वेळेत खाली बसली.

मग प्रश्न. पहिला प्रश्न कुणाला द्यायचा, हा सगळ्यांत अवघड निर्णय. दहा देशांतली सुमारे अडीचशे चर्चासत्रं न्याहाळून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी कमी प्रश्न विचारतात. आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर पुढे स्त्रियांचे हात आणखी कमी वर येतात. ते वाचल्यापासून मी पहिल्या वर आलेल्या हाताला लगेच बोलावत नाही. मनात दहा आकडे मोजते. त्या दिवशी सातव्या आकड्याला मागच्या रांगेतून एक हात अर्धवट वर आला.

अध्यक्षांमध्ये माझा आदर्श जॉन हेन्स्लो. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत डार्विनच्या मतावर बिशप विल्बरफोर्स आणि हक्सली यांची गाजलेली खडाजंगी झाली. अध्यक्षस्थानी हेन्स्लो होते. केंब्रिजला त्यांनी डार्विनला वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं, ‘बीगल’ जहाजावर जाण्यासाठी त्यांनीच त्याचं नाव सुचवलं होतं. त्या जहाजाचा कप्तान फिट्झरॉय त्याच सभागृहात डार्विनच्या विरोधात उभा राहिला. शिष्याची बाजू पूर्ण पटलेली नाही, समोर धर्मगुरू, खोली खच्चून भरलेली, अशा वेळी हेन्स्लोंनी एवढंच सांगितलं, की ज्याच्याकडे युक्तिवाद आहे त्यानेच बोलावं. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना बसवलं. बिशपलाही बोलू दिलं, हक्सलीलाही, मग वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरलाही.

आमच्याकडे एकच प्रसंग तसा आला. एका श्रोत्याने प्रश्न म्हणून स्वतःचं भाषणच सुरू केलं. दोन मिनिटं गेल्यावर मी उठून त्याच्या बाजूने चालत गेले आणि शांतपणे विचारलं, यातला प्रश्न कोणासाठी आहे? त्याने क्षणभर विचार केला आणि खरंच एक चांगला प्रश्न विचारला, पुण्यासाठी. पण पडदा पुन्हा काळा झाला होता.

मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. त्यांच्यासाठी आलेले चार प्रश्न, विचारणाऱ्यांची नावं, पत्ते. साडेदहाला पुढच्या सत्राची अध्यक्षा दारात उभी होती, हातात तिच्या स्वतःच्या चिठ्ठ्या. मी फळा पुसला, पाण्याचे पेले गोळा केले, वही उघडी ठेवून बाहेरच्या पायरीवर बसले आणि चारही प्रश्न टाइप करून पाठवले. तिकडे तीन वाजून गेले होते. संध्याकाळी उत्तर आलं, चार पानांचं. तिसऱ्या पानावर एका मोडी कागदाचं छायाचित्र होतं, जे निबंधात नव्हतं.