होडीच्या दिव्यांची भाषा आणि एलईडी

होडीवरचे तांबडे-हिरवे दिवे तांडेलाला वाट दाखवत नाहीत. होडी कुठे चालली आहे हे ते दुसऱ्यांना सांगतात. १९७२च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार यांत्रिक बोटीच्या डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा आणि डोलकाठीवर पुढे दिसणारा पांढरा दिवा असतो. बाजूचा प्रत्येक दिवा ११२.५ अंशांत दिसतो, मागचा १३५ अंशांत. तिन्हींचे मिळून ३६० अंशांचे वर्तुळ पुरे होते. तांबडा व हिरवा एकदम दिसले, तर बोट थेट आपल्यावर येत आहे. रंग आणि कोन हीच या दिव्यांची भाषा होय.

ढाणकीसारख्या समुद्रापासून दूरच्या गावात बसून मी या विषयाकडे वळलो तो विजेच्या हिशेबामुळे. २५ वॅटचे चार बल्ब १२ व्होल्टच्या बॅटरीतून दहा तासांत सुमारे ८३ अँपिअर-तास खेचतात. तीन-तीन वॅटचे चार एलईडी दिवे फक्त १० घेतात. इंजिन सुरू करायला आणि वायरलेसला तीच बॅटरी असेल, तर दिवे मालवून ती राखण्याचा मोह होतो. म्हणून ही बचत थेट जिवाशी निगडित आहे.

बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते. उरलेल्या उजेडातला मोठा भाग रंगीत काच अडवते. तांबडा एलईडी मुळातच तांबडा उजेड देतो.

मात्र जुन्या दिव्यात नुसता पांढरा एलईडी बसवणे धोक्याचे. त्याच्या उजेडात तांबडा अंश कमी असतो, म्हणून तांबड्या काचेमागे तो मंद पडतो. हिरव्या काचेमागे निळसर होऊ शकतो. भिंग एका बारीक तारेसाठी घडवलेले असल्याने कोनाच्या कडाही पुसट होतात. एलईडी एकदम विझण्याऐवजी वर्षानुवर्षे मंदावतो, हेही ध्यानात ठेवावे. तेव्हा त्या-त्या रंगाचा, मान्यताप्राप्त, अखंड दिवाच घ्यावा आणि रात्री दुसऱ्या होडीतून फेरी मारून रंग कुठे बदलतो ते पाहावे.

कोकणात एलईडी म्हटले की मासे खेचणारे प्रखर दिवे आठवतात. केंद्राने २०१७मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, ती माशांच्या साठ्याच्या काळजीने. पण खुणेचे दिवे झाकोळतील असे इतर दिवे लावू नयेत, असे सागरी नियमही सांगतात. स्वस्त झालेला उजेडच खूण बुडवू शकतो.

आमच्या बाजूच्या इसापूर जलाशयाला समुद्राचे नियम थेट लागू नाहीत. तरी सात मीटरहून लहान, संथ यांत्रिक होडीला समुद्रावरही चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. तो आता थोडक्या वॅटमध्ये रात्रभर जळतो. अंधारात होडी हाकायला विजेची सबब उरलेली नाही.