अकरा जणांमागचा संघ

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारू? क्रिकेटच्या संघात माणसं किती असतात?

तुम्ही लगेच म्हणाल, "अकरा!" एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, "आणि पाणी घेऊन जाणारा बारावा!" उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. मैदानात अकरा जण खेळत असतात, तेव्हा मैदानाबाहेर आणखी सहा-सात माणसं त्याच सामन्यासाठी राबत असतात. त्यांची नावं धावफलकावर येत नाहीत. त्यांना टाळ्याही फारशा मिळत नाहीत. मग त्यांचा उपयोग काय? चला, आपल्या विदर्भाच्या संघाचीच गोष्ट पाहू.

साठ वर्षांची वाट

रणजी करंडक ही आपल्या देशातली सर्वांत मानाची क्रिकेट स्पर्धा. तिच्यात बहुतेक राज्यांचा एकेक संघ असतो, पण आपल्या महाराष्ट्रातून तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वाशीम, अकोला, अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंतच्या अकरा जिल्ह्यांचा संघ तो विदर्भ. म्हणजे आमच्या इंझोरीच्या मुलांचाही संघ तोच!

विदर्भ 1957-58 च्या हंगामात पहिल्यांदा रणजी खेळला. मग साठ वर्षं गेली. तोपर्यंत मुंबईचा संघ एकेचाळीस वेळा विजेता झाला होता, आणि विदर्भ? एकदासुद्धा अंतिम सामन्यात पोचला नव्हता. विदर्भाशी सामना आहे म्हटलं की समोरचा संघ निर्धास्त असायचा.

मग विदर्भात चांगले खेळाडू नव्हते का? होते की! नागपूरजवळच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव विदर्भाकडून खेळता खेळता 2011 मध्ये भारताच्या कसोटी संघात पोचला होता. पण एक-दोन मोठे खेळाडू असले म्हणजे संघ मोठा होत नाही. बैल दमदार असला, तरी जू, तिफण आणि तासावर नजर ठेवणारा माणूस नसेल तर पेरणी होईल का?

2017 मध्ये चंद्रकांत पंडित विदर्भाचे मुख्य प्रशिक्षक झाले. हे स्वतः भारताकडून यष्टिरक्षक म्हणून खेळलेले. शिस्तीला भारी कडक! गोलंदाजांना शिकवायला होते सुब्रतो बॅनर्जी. तेही भारताकडून खेळलेले वेगवान गोलंदाज. कर्णधार होता फैज फजल, आणि सोबतीला वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज.

कोणाचं काम काय?

आता जरा पडद्यामागे डोकावू.

निवड समिती खेळाडू निवडते. मुख्य प्रशिक्षक संघाचा खेळ कसा असावा ते ठरवतो, सराव आखतो, चुका दाखवतो. गोलंदाजीचा प्रशिक्षक फक्त गोलंदाजांकडे पाहतो : पाय कुठे पडतो, मनगट कसं वळतं. फिजिओ दुखापतींवर उपचार करतो. ट्रेनर धावण्याची, व्यायामाची ताकद वाढवतो. व्हिडिओ विश्लेषक चेंडू न् चेंडू संगणकावर साठवून ठेवतो आणि समोरचा फलंदाज कुठल्या चेंडूवर चुकतो ते शोधतो.

आणि मॅनेजर? या शब्दाची मोठी गंमत आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल संघाच्या 'मॅनेजर'चं मुख्य काम असतं प्रशिक्षकाचं. संघात कोण खेळणार, हे तोच ठरवतो. आपल्या क्रिकेटमधला मॅनेजर म्हणजे व्यवस्थापक. रेल्वेची-विमानाची तिकिटं, राहणं, जेवण, सामान, वेळापत्रक, सामनाधिकाऱ्यांशी बोलणं हे सगळं त्याच्याकडे. शब्द एकच, पण कामं दोन!

एवढी माणसं असली, तरी सामना सुरू झाला की मैदानातला निर्णय कर्णधाराचा. कोणाला गोलंदाजी द्यायची, क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे, ते तोच ठरवतो. प्रशिक्षक काही धावत आत येत नाही. त्याचा अभ्यास आधी झालेला असतो. तुमच्या परीक्षेत गुरुजी येऊन पेपर सोडवतात का? तसंच ते.

पाच धावांचा विजय

त्या हंगामात काय झालं ऐका. उपांत्य सामना कोलकात्यात, समोर कर्नाटकचा बलाढ्य संघ. कर्नाटकला जिंकायला हव्या होत्या 198 धावा. ते आटोपले 192 वर! विदर्भ अवघ्या पाच धावांनी जिंकला. रजनीश गुरबाणी नावाच्या तरुण गोलंदाजानं त्या डावात सात बळी घेतले. हा इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा बरं का!

अंतिम सामना इंदूरला, दिल्लीशी. तिथे गुरबाणीनं चक्क हॅट्‌ट्रिक केली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती फक्त दुसरी हॅट्‌ट्रिक. अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकानं शतक ठोकलं. 1 जानेवारी 2018 रोजी विदर्भानं सामना नऊ गडी राखून जिंकला. साठ वर्षांची वाट संपली!

लोक म्हणाले, नशिबानं जिंकले. पण पुढच्याच वर्षी, 2019 च्या फेब्रुवारीत, नागपूरला सौराष्ट्राला हरवून विदर्भानं करंडक पुन्हा जिंकला. नशीब काय लागोपाठ दोन वर्षं येतं?

विदर्भाहून लहान देश

आता जरा लांब जाऊ. युरोपात आयर्लंड नावाचं बेट आहे. सगळं बेट मिळून आपल्या विदर्भापेक्षाही लहान! तिथे रग्बी हा खेळ मोठ्या आवडीनं खेळतात. लंबगोल चेंडू, एका बाजूला पंधरा खेळाडू. गंमत अशी, की चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही. बाजूला किंवा मागेच द्यायचा. बेटाचे चार प्रांत : लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट. चारही प्रांतांचे चार संघ. महाराष्ट्रातले आपले तीन तसेच. प्रत्येक संघात मुख्य प्रशिक्षक वेगळा आणि त्याच्या हाताखाली चढाई, बचाव वगैरे शिकवणारे वेगवेगळे.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. स्टुअर्ट लँकेस्टर हे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. 2015 चा विश्वचषक इंग्लंडमध्येच भरला आणि यजमान संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. लँकेस्टरना पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी ते लेन्स्टरला गेले. तिथे मुख्य प्रशिक्षक होते लिओ कलन, वयानं त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. एवढ्या मोठ्या पदावरून आलेला माणूस दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसला! "मी मोठा की तू मोठा" असं करत बसला असता तर? पण दोघांनी कामं वाटून घेतली आणि 2018 मध्ये लेन्स्टर सगळ्या युरोपात अजिंक्य ठरला. खुर्ची कितव्या नंबरची, यापेक्षा आपलं काम काय हे ठाऊक असणं मोठं.

आपल्या शाळेत काय?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आपल्याकडे कुठला फिजिओ अन् कुठला विश्लेषक!" खरं आहे. केंद्राच्या, तालुक्याच्या स्पर्धेला कबड्डीची किंवा खो-खोची टीम निघते, तेव्हा शिकवणारे, डबे मोजणारे, जन्मतारखेचे दाखले सांभाळणारे आणि खरचटलं तर हळद लावणारे बहुधा एकच गुरुजी किंवा एकच बाई असतात. म्हणून तर मुलांनी हात द्यायचा!

वर्गात तीस मुलं असतील, तर खो-खोच्या संघात फार तर पंधरा जातील. उरलेल्या पंधरांनी काय करायचं? तोंड पाडून बसायचं? मुळीच नाही. एकानं गुण लिहावेत. एकानं घड्याळ लावावं. एकीनं प्रथमोपचाराची पेटी सांभाळावी. दोघांनी समोरच्या संघाचा खेळ नीट पाहून वहीत टिपावं : कोण डावीकडेच वळतो, कोण लवकर दमतो. हे झाले तुमचे विश्लेषक! पुढे यातूनच कोणी पंच होतं, कोणी गुणलेखक, कोणी फिजिओ, कोणी प्रशिक्षक. ही सगळी खरीखुरी कामं आहेत आणि त्यांवर माणसांची पोटंही चालतात.

आई-बाबांनाही एक विनंती. "माझ्या पोराला टीममध्ये का नाही घेतलं?" हे विचारायला जरूर या. पण पोराच्या देखत भांडू नका. निवड करणाऱ्याचं काम वेगळं, शिकवणाऱ्याचं वेगळं आणि तुमचंही वेगळं. हरून आलेल्या मुलाला आधी जेवू घालणं हे तुमचं काम. त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

आणि हो, विदर्भाची गोष्ट अजून संपली नाही. 2024 मध्ये अंतिम सामन्यात मुंबईनं विदर्भाला हरवलं. पण 2025 च्या मार्चमध्ये नागपूरला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. हर्ष दुबेनं त्या हंगामात 69 बळी घेऊन नवा विक्रम केला. या वेळी पंडित नव्हते. प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाचेच माजी खेळाडू. आणि कर्णधार कोण होता ठाऊक आहे? इंदूरला शतक ठोकणारा तोच अक्षय वाडकर!

माणसं बदलली, पण नीट लावलेली घडी टिकली. तुमच्या वर्गाची टीम निवडाल, तेव्हा खेळाडूंच्या यादीखाली आणखी एक यादी करा. कोण काय सांभाळणार, त्याची. आणि जिंकलात तर फोटोत त्यांनाही उभं करा!