मिररलेस की डीएसएलआर? आधी बिलबुक उघडा

तुळशीचं लग्न लागलं की पिंपळगाव बसवंतच्या स्टुडिओवाल्यांचा सीझन सुरू. आणि त्याआधी एक प्रश्न ठरलेला: "सर, जुना डीएसएलआरच चालवू की मिररलेस घेऊ?" उत्तर दुकानातल्या काउंटरवर नाही, तुमच्या बिलबुकात आहे. कसं, ते बघू.

आधी फरक समजून घ्या. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. त्यावरून उजेड व्ह्यूफाइंडरमध्ये जातो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि फोटो निघतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि फोटो कसा येणार ते आधीच स्क्रीनवर दिसतं.

उदाहरणाला कॅननचे दोन कॅमेरे घेऊ: २०१९ चा डीएसएलआर २००डी टू आणि २०२३ चा मिररलेस आर५०. सेन्सर एकाच मापाचा, दोन्ही साधारण २४ मेगापिक्सेल. म्हणजे चांगल्या उजेडात काढलेला फोटो अल्बममध्ये लावला, तर गिऱ्हाइकाला फरक सहसा कळणार नाही. फरक पडतो तो काम करताना.

फोकस: २००डी टूच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे ९ पॉइंट. आर५० माणसाचा डोळा ओळखतो आणि तो हलला तरी पकडून ठेवतो. मंगलाष्टकं संपताना अक्षता उडतात, मध्ये दहा हात येतात. तो क्षण पुन्हा मिळत नाही.

व्हिडिओ: २००डी टूमध्ये फोर-के लावलं की फ्रेम कापली जाते आणि फोकसही मंदावतो. आर५० पूर्ण रुंदीत फोर-के देतो.

बॅटरी: दोघांना बॅटरी एकच लागते. पण डीएसएलआर व्ह्यूफाइंडरमधून एका चार्जिंगवर हजारभर फोटो देतो, मिररलेस त्याच्या निम्म्याहूनही कमी. हळदीपासून पाठवणीपर्यंत काम असेल तर जादा बॅटऱ्यांचा खर्च धराच.

धूळ: लेन्स काढली की बहुतेक मिररलेसमध्ये सेन्सर उघडा पडतो. कांद्याच्या मार्केटात शूट असेल तर लेन्स गाडीत बसून बदला.

जुन्या लेन्स: कॅननच्या जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आर५० वर चालतात. त्या विकायची घाई नको.

आता हिशोब. समजा बॉडी, अ‍ॅडॉप्टर आणि बॅटऱ्या धरून ६०,००० रुपये जाणार. व्हिडिओ आणि रील्समुळे एका ऑर्डरमागे खर्च वजा जाता ४,००० जास्त सुटले, तर १५ ऑर्डरमध्ये पैसे वसूल. सीझनला २० ऑर्डर असतील तर घ्या. ६ असतील तर अडीच सीझन लागतील, आणि हप्ता पावसाळ्यातही भरावा लागतो! कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही नियमित नोंदणीत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं का, ते सीएंना विचारून घ्या.

थोडक्यात: मागच्या वर्षीची बिलं काढा आणि दोन ढीग करा, फक्त फोटोचे आणि व्हिडिओसहचे. पहिला ढीग मोठा असेल तर आहे तो डीएसएलआर सर्व्हिस करून घ्या आणि एक चांगली लेन्स जोडा. दुसरा मोठा असेल, किंवा द्राक्ष एक्स्पोर्टवाले पॅकहाऊसच्या रील्स मागायला लागले असतील, तर मिररलेस घ्या. शेजारच्या स्टुडिओने घेतला, हे मात्र कारण नव्हे. हप्ता तुम्ही भरणार आहात, शेजारी नाही.