नावाचे वचन : ‘हॅलोविन ३’च्या अपयशाची मीमांसा

चित्रपटमालिकेतील एखादा भाग प्रेक्षकांस रुचला नाही, की त्याचे खापर कथेवर किंवा दिग्दर्शनावर फोडण्यात येते. परंतु पुष्कळदा अपयशाचे मूळ कृतीपेक्षा तिला दिलेल्या नावात असते. या दृष्टीने १९८२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘हॅलोविन ३ : सीझन ऑफ द विच’ हा भयपट विचारार्ह आहे.

जॉन कार्पेंटर दिग्दर्शित पहिल्या ‘हॅलोविन’मध्ये (१९७८) मायकेल मायर्स हा मुखवटाधारी खुनी ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविन सणाच्या, रात्री आपल्या गावी हत्याकांड घडवितो. दुसरा भाग (१९८१) त्याच रात्री, पहिला जेथे संपला तेथूनच सुरू होतो व अखेरीस मायर्स आगीत सापडतो. येथे मायर्सची कथा पुरी झाली असे मानून कार्पेंटर व डेब्रा हिल या निर्मात्यांनी यापुढे प्रत्येक भागात या सणाशी निगडित अशी स्वतंत्र कथा सांगण्याचे योजिले.

त्यानुसार टॉमी ली वॉलेस दिग्दर्शित तिसऱ्या भागात मायर्सला स्थानच नाही. एक कारखानदार मुलांच्या मुखवट्यांत स्टोनहेंजच्या शिळेचे कण बसवितो आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातीच्या संकेताने त्या मुलांचा संहार करू पाहतो. पहिला ‘हॅलोविन’ येथे केवळ दूरचित्रवाणीवर दिसणारा एक चित्रपट म्हणून येतो.

ही कथा निर्दोष आहे असे नव्हे. एवढी अवजड शिळा इंग्लंडहून कॅलिफोर्नियात आणली कशी, हा प्रश्न खलनायक हसण्यावारी नेतो. तथापि प्रेक्षकांची मुख्य तक्रार मायर्सच्या अनुपस्थितीविषयी होती. दुसऱ्या भागाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ५५ लाख डॉलर मिळविले होते. तिसऱ्याचे उत्पन्न सुमारे १ कोटी ४४ लाखांवर थांबले.

याचे कारण उघड आहे. निर्मात्यांच्या लेखी ‘हॅलोविन’ हे सणाचे नाव होते, तर प्रेक्षकांच्या लेखी ते मायर्सचे झाले होते. आणि हा अर्थ त्यांच्या मनावर अखंड कथा सांगणाऱ्या दुसऱ्या भागानेच बिंबविला होता. स्वतंत्र कथांचा प्रघात दुसऱ्याच भागापासून पाडला असता, तर कदाचित तो मान्य झाला असता. शीर्षकातील ‘३’ हा आकडा मात्र जुन्या कथेचेच वचन देत राहिला.

१९८८ साली चौथा भाग आला तो ‘द रिटर्न ऑफ मायकेल मायर्स’ या उपशीर्षकासह. म्हणजे वचनपूर्तीची ग्वाही नावातच देण्यात आली. पुढे तिसऱ्या भागास स्वतंत्र चित्रपट म्हणून पाहणारा चाहतावर्ग लाभला. कृती तीच राहिली. तिच्याकडून असलेली अपेक्षा तेवढी पालटली. म्हणून मालिकेतील कृतीचे मूल्यमापन करताना ‘ही वाईट आहे’ आणि ‘ही अपेक्षित नव्हती’ ही दोन विधाने वेगळी ठेवणे अगत्याचे होय.