दुकानातला भोंगा

सोलापूरकरांना भोंगा नवा नाही. १८७७ साली इथं जुनी गिरणी सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या आणि पुढं कित्येक दशकं या गावाचं घड्याळ भोंग्यावर चाललं. भोंगा झाला की पाळी सुटायची, डबे भरले जायचे, पोरं शाळेला निघायची. गिरण्या बंद पडल्या तसे ते भोंगेही थांबले. आता वाजतात ते दुकानांतले आणि बंगल्यांतले चोरीचे भोंगे, आणि ते वाजले की लोक कूस बदलून झोपतात. ही यंत्रं बसवणं हाच माझा धंदा. त्यामुळे लोकांच्या या सवयीत माझाही थोडा वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

२००६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका साडीच्या दुकानात मी यंत्र बसवलं होतं. आठवड्याभरात चार वेळा रात्री अकराच्या सुमारास सायरन वाजला. चारही वेळा मालक धावत गेले, शटर उघडलं, आत कुणी नाही. मला फोन केला तेव्हा मी म्हणालो, ‘‘उंदीर असेल हो शेठ.’’ पाचव्या रात्री त्यांनी यंत्र बंद ठेवलं. नंतरही तसंच राहिलं. पुढच्या आठवड्यात शटर उचकटून चोरी झाली. लग्नसराईसाठी आणलेला माल गेला.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते पहिल्याच तक्रारीला करायला हवं होतं. पॅनलची नोंदवही उघडली. वही म्हणजे कागदाची नव्हे. काय घडलं, कधी घडलं, कुणी कोणता कोड दाबला, हे सगळं पॅनल तारीखवेळेनिशी स्वतःच्या स्मरणात ठेवतं. चारही रात्री सायरनच्या आधी एकच ओळ होती : वीज आली. भारनियमनाचे दिवस होते. दुकान मिटायच्या वेळी वीज गेलेली असायची, नोकर अंधारात शटर ओढून जायचे आणि पंख्याचं बटण चालूच राहायचं. अकराला वीज आली की पंखा फिरायचा, दिवसभर तापलेली हवा ढवळून निघायची, टांगलेल्या साड्या हलायच्या आणि कोपऱ्यातला सेन्सर म्हणायचा, आत माणूस आहे!

त्या सेन्सरचा दोष नव्हता. तो माणूस ओळखत नाही. उष्णतेत होणारा हलता फरक ओळखतो. आपल्याकडे चाळीसच्या वर पारा जातो तेव्हा तापलेल्या भिंती आणि माणसाचं अंग यांत फारसा फरक उरत नाही, म्हणून पत्र्याच्या गोदामात हा सेन्सर खरा माणूसही चुकवू शकतो. एका धक्क्याला ओरडायचं की दोन-तीन हालचाली मोजून, हे त्याच्यावर ठरवता येतं. मी ते कारखान्यातून आलं तसंच सोडलं होतं. पंख्याची हवा मात्र बटणानंच बंद करायची, त्याला दुसरा उपाय नाही.

आता पॅनल म्हणजे काय ते पाहू. भिंतीवरचा पत्र्याचा डबा, आत एक सर्किट आणि एक बॅटरी. दरवाजा, खिडकी, तिजोरी, गोदाम यांच्या तारा वेगवेगळ्या येऊन त्याला मिळतात. प्रत्येक तारेला झोन म्हणायचं. बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलमध्ये राहणाऱ्या ऑगस्टस पोप यांना १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट मिळालं. त्यात दार उघडलं की प्रवाह जुळायचा आणि घंटा वाजायची. असल्या रचनेत तार तुटली तर घंटा मुकी! आता उलट असतं. तारेच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर बसवतात आणि पॅनल सतत प्रवाह मोजत राहतं. तार कापली तरी आकडा बदलतो, दोन तारा एकमेकींना जोडल्या तरी बदलतो. पण हा रेझिस्टर तारेच्या टोकालाच हवा. घाईत काही कारागीर तो पॅनलच्या डब्यातच लावून टाकतात. दिसायला सारखंच दिसतं, पहारा मात्र डब्यापुरताच राहतो.

कोणत्या झोननं कसं वागायचं, हे आपण ठरवायचं असतं. मुख्य दाराला सवलतीची वेळ द्यायची, म्हणजे दार उघडून कोड दाबेपर्यंत सायरन थांबतो. मागच्या खिडकीला सवलत नाही, कारण तिथून मालक येत नसतो. धोक्याचं बटण चोवीस तास जागं. घरात ‘आम्ही आत आहोत’ अशीही एक सोय असते. दारंखिडक्या राखणीला आणि खोल्यांतले सेन्सर झोपलेले, म्हणजे रात्री पाणी प्यायला उठलेल्या आजोबांवर सायरन वाजत नाही. सवलत किती द्यायची? लोकांना वाटतं, जितकी कमी तितकी सुरक्षा जास्त. खोट्या सायरनांना कंटाळून अमेरिकेतल्या सिक्युरिटी इंडस्ट्री असोसिएशननं नियम घालून दिले, त्यात आत येताना निदान तीस सेकंद आणि बाहेर पडताना निदान पंचेचाळीस सेकंद आहेत. मी वयस्क माणसांच्या घरी याहून जास्त ठेवतो. गुडघे दुखणाऱ्या बाईंना दहा सेकंद देणं म्हणजे ते यंत्र त्यांच्याकडून कायमचं बंद करवून घेणं होय.

त्याच नियमांत आणखी एक शहाणपणाची गोष्ट आहे. एकच झोन पुन्हापुन्हा वाजायला लागला तर त्याला त्या रात्रीपुरतं गप्प करायचं, बाकीचे जागे ठेवायचे. साडीवाल्या शेठकडं ही सोय चालू असती तर त्यांनी सगळं यंत्र बंद केलं नसतं, असं मला आजही वाटतं. दुसरी सोय दोन झोनांच्या साक्षीची : शटर हललं आणि ठरावीक वेळात आतला सेन्सरही बोलला, तरच सायरन. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम होतं, तेव्हा होम मैदानाच्या आसपासच्या शटरांवरचे कंपन सेन्सर आवाजानंच थरथरतात. तिथं मी ही जोडी लावूनच देतो.

कोडबद्दल थोडं. पॅनल येतं तेव्हा त्यात कारखान्याचा एक कोड असतो आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. म्हणजे तो चोरालाही माहीत. तो बदलायचा, आणि बसवणाऱ्याचा कोडही बदलायचा, होय, माझासुद्धा. प्रत्येक नोकराला वेगळा कोड द्या. दिवाळीनंतर नोकरी सोडून गेला की त्याचा पुसा. एक कोड असाही ठेवता येतो, की कुणी चाकू दाखवून यंत्र बंद करायला लावलं तर बंद होतं, पण गुपचूप फोनही जातो. तो नेहमीच्या कोडहून अगदी निराळा असावा. शेवटचा एकच आकडा वेगळा ठेवला तर सकाळच्या घाईत बोट चुकतं आणि नसती धावपळ होते.

आणि बॅटरी. साधारण बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची असते. पॅनल आणि सेन्सर मिळून पाव अँपिअरच्या आत घेत असतील तर कागदावर ती दिवसभर पुरते; जुनी झाली की तासाभरात मान टाकते. आपल्या उन्हाळ्यात ती लवकर म्हातारी होते. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्म्यावर, असा शिशाच्या बॅटरीचा ढोबळ हिशेब आहे. पॅनल बॅटरी तपासतं आणि उतरली की टिकटिक करून सांगतं, पण ती टिकटिक नको म्हणून आवाज बंद केलेली पॅनल्स मी पुष्कळ पाहिली आहेत.

राहिला फोन. सायरन वाजला की पॅनल ओळीनं ठरलेल्या नंबरांना फोन लावतं. पहिला नंबर बहुतेकांचा पुण्यातल्या मुलाचा असतो! अडीचशे किलोमीटरवरून तो काय बघणार? आधी शेजारी. तो डोळ्यांनी पाहील आणि गरज असेल तर ११२ ला कळवेल. साडीवाल्या शेठनी यंत्र पुन्हा चालू करून घेतलं तेव्हा पहिला नंबर समोरच्या चहावाल्याचा घातला. तो दुकानामागच्याच बोळात राहतो. दर महिन्याच्या एक तारखेला मुद्दाम चाचणीचा फोन त्याला जातो. तो गाड्यावरूनच हात वर करतो आणि मग शेठच्या दुकानात दोन कटिंग येतात.