शॉक नको तेव्हा

शॉक बसून आलेल्या माणसाचा प्रश्न एकच असतो: परत बसेल का? टेक्निशियन लगेच उत्तर देत नाही. ती गळपट्टीच्या हाडाखालच्या फुगवट्यावर, म्हणजे आत बसवलेल्या आयसीडीवर (घातक लयीला शॉक देणारं यंत्र), नोंदी वाचणारा वँड ठेवते आणि पडद्यावर ठिपके उमटायची वाट बघते. प्रत्येक ठिपका म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर, मिलिसेकंदांत.

पुण्यातल्या एका रुग्णालयात मी तिच्या शेजारी बसून ते वाचायला शिकत होते. घातक लय बहुधा अचानक येते. ठिपके एकदम खाली उतरून सरळ रांग धरतात. जिना चढल्यावर तेच ठिपके सावकाश उतरतात. समोरच्या काकांचे ठिपके मात्र विखुरलेले होते: २९०, ३४०, २७०, ३३०. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला गोंधळ, एट्रियल फिब्रिलेशन. त्यांच्या आयसीडीची एकच लीड (तार) खालच्या कप्प्यात. वर काय चाललंय ते तिला दिसत नाही. ठोक्यांनी मिनिटाला १७०ची मर्यादा ओलांडली आणि सुमारे ३५ जूलचा शॉक बसला. "पूर्ण शुद्धीत होतो हो, कुणीतरी आतून घण घातला," काका म्हणाले.

अनियमित ठोके ओळखायची सोय यंत्रात असते, पण वेग फार वाढला की अनियमितपणाही कमी दिसतो. म्हणून खरी मदार थांबण्यावर. २०१२ साली मॅडिट-आरआयटी या चाचणीचे निष्कर्ष आले. १,५०० रुग्णांमध्ये काहींची मर्यादा २००वर नेली होती, काहींच्या यंत्रांना १७०च्या पुढे अडीचऐवजी ६० सेकंद थांबायला लावलं होतं. अनाठायी उपचार खूप घटले. मला चकित केलं ते दुसऱ्या गोष्टीनं: मर्यादा २००वर नेलेल्या गटात मृत्यूही कमी झाले. पुष्कळदा जलद लय आपली आपण शमते. यंत्राची घाईच नडते.

काकांना घातक लय आधी कधीच आली नव्हती. आयसीडी खबरदारी म्हणून बसवलेला. त्यामुळे डॉक्टरांनी मर्यादा २००वर नेली, ठोके मंदावणारा बीटा ब्लॉकरही वाढवला. ज्याची घातक लयच १६०ची, त्याच्या बाबतीत हे चालणार नाही.

पुढच्या आजींच्या पडद्यावर १३०-१४० मिलिसेकंदांचे ठिपके होते, म्हणजे मिनिटाला सव्वाचारशेहून जास्त ठोके. असं धडधडणारं हृदय नसतं. टेक्निशियननं आधी शॉक बंद केला, मग म्हणाली, "आजी, हात वर करा. आता मागं न्या." हात मागं जाताच पडद्यावर खरखर उमटली. लीड आतून तुटत होती आणि यंत्र तिलाच ठोके समजत होतं. इथे आकडे बदलून भागत नाही.

आजींना लगेच दाखल करून घेतलं. लीड बदलेपर्यंत शॉक बंदच ठेवायचा होता, म्हणून चोवीस तास मॉनिटर लावला आणि खाटेशेजारी बाहेरचा डिफिब्रिलेटर आणून ठेवला.