डिझेल विमानाने येतं तेव्हा

कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला ओल्ड क्रो हे गाव आहे. वस्ती जेमतेम अडीचशे, बहुतेक वुन्टुट ग्विचिन या मूलनिवासी समाजाची. गावाला बारमाही रस्ता नाही. विजेसाठीचं डिझेलही विमानाने आणावं लागतं. तिथे २०२१ मध्ये ९४० किलोवॅटचा सौरप्रकल्प पूर्ण झाला. त्यातून वर्षाला सुमारे १,८९,००० लिटर डिझेल वाचेल, असा अंदाज होता.

आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला असतं. तिथे ती पूर्व-पश्चिम मांडली आहेत, कारण उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, आकाशात गोल फिरत राहतो.

खरी मेख डिझेल जनरेटरची. त्याला कमी लोड मानवत नाही. क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली तो फार वेळ चालला की इंधन नीट जळत नाही आणि एक्झॉस्टमध्ये काजळी, चिकट तेल साचतं. म्हणजे ऊन भरपूर असलं तरी नुसती पॅनेल वाढवून डिझेल थांबत नाही. जनरेटर पूर्ण बंद ठेवायचा, तर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी सांभाळायला दुसरं कोणीतरी हवं. ते काम बॅटरी आणि इन्व्हर्टर करतात. ढग आला तरी दिवे लुकलुकत नाहीत. डिसेंबरात मात्र काही दिवस सूर्य उगवतच नाही, तेव्हा सगळी मदार जनरेटरवर.

प्रकल्पाची मालकी गावाच्याच शासनाकडे आहे. वीज कंपनी त्यांच्याकडून वीज विकत घेते, करार २५ वर्षांचा.